एक नंबरचा वारा

आईच्या शेवटच्या दोन वर्षांत ज्यांनी आम्हाला धरून ठेवलं त्यांची नावं आठवायला बसले, की डॉक्टर येतात, डायलिसिसच्या मशीनवरच्या सिस्टर येतात, माझे तास स्वतःवर घेणाऱ्या शाळेतल्या मैत्रिणी येतात. त्याच ओळीत, अगदी पुढच्या तीन-चारांत, बुटीबोरीच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमधले मिस्त्री येतात. त्यांनी माझ्या गाडीच्या एसीचा पंखा दुरुस्त केला होता. त्या दुरुस्तीचं मोल कळायचं तर थोडं मागून सांगावं लागेल.

आम्ही हिंगणघाटचे. मी तिथं शाळेत विज्ञान शिकवते. आईच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा आणि पुढे तीनदा नागपूरला डायलिसिस सुरू झालं. रस्ता पूर्वीचा सात नंबरचा, आताचा ४४. श्रीनगरहून निघून कन्याकुमारीला जाणारा. त्यातला आमच्या वाट्याचा तुकडा पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. जामचा चौरस्ता, बुटीबोरी, मग नागपूर. सकाळी सहाला निघायचं, आठला आई मशीनवर, चार तास तिथं. सुया काढून पट्टी बांधून झाली, की थोडं पडायचं आणि दीड-दोनला परत निघायचं. म्हणजे परतीचा रस्ता ऐन दुपारचा.

विदर्भातली मे महिन्यातली दुपार ज्यांनी सोसली आहे त्यांना मी काय सांगायचं! पारा ४५ च्या वर जातो, नवतपा लागला की डांबर पायाला चिकटतं, माणसं दुपट्ट्यानं तोंड बांधून बाहेर पडतात आणि घरात शिरताच कूलरसमोर उभी राहतात. त्यात आईला पाणी मोजून होतं. दिवसाचं पाऊण लिटर. चहा, वरण, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्यातच. शरीरातलं जादा पाणी बाहेर जायला मशीनखेरीज वाट नव्हती. उन्हाळ्यात आपण घटाघटा पाणी पितो, ते पीत असताना ज्याला पिता येत नाही अशा माणसाचे डोळे कुठं असतात हे मी दोन वर्षं पाहिलं आहे. ती बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवायची आणि तो विरघळेपर्यंत डोळे मिटून बसायची. एरवी चूळ भरायची आणि टाकून द्यायची. ते टाकून देणं माझ्याच्यानं बघवत नसे.

म्हणून गाडीतला एसी आमची गरज होती. गाडी तापली की तहान वाढणार, तहान वाढली की आई घोटभर जास्त पिणार आणि तो घोट पुढच्या खेपेला छातीवर येणार.

पण याला दुसरी बाजूही होती. चार तास रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत घातलेलं. त्यानंतर आईचं बीपी उतरायचं, भर मे महिन्यात अंगावर काटा यायचा. सुया टोचायच्या फिस्टुलाचा डावा हात ती पदराखाली झाकून घ्यायची. थंड वाऱ्याचा झोत अंगावर आला की दात वाजायचे. म्हणजे तिला गार हवा हवी होती, पण वारा नको होता. आमच्या गाडीत यावर एकच उपाय होता. पंख्याचा नॉब एकवर. चार नंबरांतला सगळ्यात लहान, आवाजही न करणारा एक नंबर. त्यावर आई मागच्या सीटवर पाय घेऊन झोपायची ती जाम येईपर्यंत.

तो एक नंबर मार्चमध्ये गेला.

एक लावा, काही नाही. दोन, काही नाही. तीन, काही नाही. चारवर मात्र पंखा एकदम सुटायचा, वावटळीसारखा. मी आईला शाल पांघरायची, जाळ्या बंद करायची, मिनिटभर चालू करायची, मिनिटभर बंद ठेवायची. पाऊणशे किलोमीटर हा खेळ. आई म्हणायची, ‘‘अगं, राहू दे, काच खाली कर.’’ काच खाली केली की लू आत यायची.

नागपुरात एका मोठ्या ठिकाणी दाखवलं. पूर्ण ब्लोअर असेंब्ली बदलावी लागेल, आठ हजारांच्या वर जाईल आणि गाडी पाच-सहा दिवस ठेवावी लागेल, असं सांगितलं. पैशांचं पाहिलं असतं. पण एक दिवसाआड मशीनवर जायचं असताना सहा दिवस गाडी ठेवायची कुठून? मग एका दुकानात गेले. तिथं त्यांनी वीस मिनिटांत पंख्याचा वेग ठरवणारा रेझिस्टर बदलून दिला. तीन आठवडे चालला आणि पुन्हा तेच. परत गेले तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला, ‘‘नवीन कशाला घेता मॅडम, डायरेक्ट करून देतो.’’ पन्नास रुपयांत काम झालं. एक, दोन, तीन, चार, सगळे नंबर चालू. त्याला आशीर्वाद देतच मी निघाले होते.

पाचव्या दिवशी परतीच्या वाटेवर आई मागून म्हणाली, ‘‘काहीतरी जळतंय गं.’’

मला आधी ट्रकचा धूर वाटला. मग वास ओळखू आला, गरम झालेल्या प्लास्टिकचा, गोडसर, घशात बसणारा. डाव्या बाजूच्या जाळीतून बारीक धूर आला. गाडी बाजूला घेतली. समोरच ती शेड होती. ट्रकच्या बॅटऱ्या, डायनामो, वायरिंगचं काम तिथं चालायचं. पत्र्यावर रंगानं हातानं लिहिलेली पाटी, खाली टायरांची चळत, एक खाट, एक कूलर आणि कडुलिंबाखाली झाकण ठेवलेला मातीचा माठ.

साठीचा एक माणूस टेस्टरची तार गळ्यात अडकवून ट्रकखालून बाहेर आला. त्यांनी धूर पाहिला, आणि पहिलं वाक्य मला म्हणाले, ‘‘नॉब झिरोवर घ्या बाई. गाडी बंद. मायले उतरवा अगोदर.’’

आईला खाटेवर निजवलं. एका पोरानं धावत जाऊन माठातलं पाणी तांब्यात आणलं. आईनं हात हलवून नको म्हटलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी त्यावर काही विचारलं नाही, हळहळ केली नाही. उठले, माठ दोन्ही हातांनी कवेत उचलला आणि टायरांच्या चळतीमागे नेऊन ठेवला. आईला खाटेवरून दिसणार नाही असा. मग पोरांना म्हणाले, ‘‘पानी प्याचं असन तर तिकडं जाऊन प्या.’’ आणि कूलरचं तोंडही फिरवून दिलं, कारण आईनं पदर हातावर ओढून घेतलेला त्यांच्या नजरेनं टिपला होता.

मी त्या क्षणापासून त्यांची ऋणी आहे. बाकी सगळं त्यानंतरचं.

डाव्या बाजूचं दार उघडून ते सीटखालच्या जागेत उताणे झोपले, डोकं पायदानात, पाय बाहेर रस्त्याकडे. समोरचा कप्पा दोन्हीकडून दाबून काढला, दोन स्क्रू सोडवले, आणि हात बाहेर आला तेव्हा त्यात बोटभर लांबीची एक पट्टी होती, तोच रेझिस्टर. तिच्यावर शेगडीच्या कॉइलसारखी तारेची तीन वेटोळी, शेजारी एक छोटा फ्यूज. फ्यूजच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत तांब्याची उघडी तार डाग देऊन जोडलेली. आणि ज्या सॉकेटमध्ये ही पट्टी बसते ते सॉकेट! मूळचं पांढरं, पण एका कोपऱ्यात भाजलेल्या वांग्यासारखं काळं पडून ओघळलेलं.

‘‘कोनं केलं हे?’’ मी सांगितलं. ते बराच वेळ त्या तांब्याच्या तारेकडे बघत राहिले. ‘‘फ्यूज कायले असते बाई? तो जळते अन् गाडी वाचवते. यानं त्यालेच तार मारली. आता जळाले गाडीच राह्यली होती.’’

मग त्यांनी मला शेजारी बसवून सगळं सांगितलं. पंख्याची मोटर एकच, बारा व्होल्टची. चार नंबरवर बॅटरीचा करंट रिलेमधून सरळ मोटरला जातो. एक, दोन, तीनवर तो या वेटोळ्यांतून जातो. एकवर तिन्ही, दोनवर दोन, तीनवर एक. वेटोळी जितकी जास्त तितका विरोध जास्त, मोटरला मिळतं कमी, पंखा हळू. ‘‘चार नंबर हा बायपास हाये समजा,’’ हायवेकडे हात करून ते म्हणाले. ‘‘एक-दोन-तीनले गावातून जा लागते. गावातला पूल पडला तर गाव बंद, बायपास चालूच. म्हून चार चालला की समजाचं, मोटर जिवंत हाये, पूल पडला. अन् चारही नंबर मेले, तर मंग फ्यूज पाहा, रिले पाहा, अर्थ पाहा, मोटर पाहा.’’ ज्या गाड्यांत नॉबऐवजी आपोआप गारवा राखणारी यंत्रणा असते, तिथं ही वेटोळी नसतात, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, हेही त्यांनी सांगितलं. मी आजवर इतकी स्वच्छ मांडणी फार थोड्या वर्गांत ऐकली आहे.

ओहमचा नियम मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. जर्मनीतल्या कोलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या गेओर्ग ओहमनं त्याचं पुस्तक १८२७ साली छापलं, हेही दर वर्षी सांगते. तोही मास्तरच होता म्हणून मला ते सांगायला आवडतं. पण विरोधातून करंट गेला की उष्णता होते, ती उष्णता जाणार कुठं, हा प्रश्न मी कधी गाडीच्या त्या काळोख्या खाचेत शिरून विचारला नव्हता. मिस्त्रींनी ती पट्टी पुन्हा तिच्या जागेवर धरून दाखवली. ही वेटोळी पंख्याच्याच वाऱ्यात बसवलेली असतात. वारा त्यांना सतत गार करत राहतो. वारा अडला की ती तापतात, तापली की फ्यूज वितळतो आणि लहान नंबर जातात. बनवणाऱ्यानं ही सगळी सोय विचार करून केलेली असते.

‘‘मग नवा का जळला?’’ मी विचारलं.

‘‘जळला नाई. त्याले जाळलं. जाळनारा आतच बसला हाये.’’

ते पुन्हा उताणे झाले. खालून तीन स्क्रू काढून मोटर उतरवली. तिच्या डोक्यावरचा प्लास्टिकचा गोल पिंजरा खाली आला आणि त्याबरोबर त्यांच्या छातीवर, मानेवर, डोळ्यांवर कडुलिंबाची वाळलेली पानं सांडली. मूठमूठभर. पानांच्या काड्या, चैत्रातला मोहोर, मातीचा लगदा. आमच्या अंगणातला निंब बाबांनी लावलेला. गाडी वर्षानुवर्षं त्याच्याच सावलीत उभी असते. समोरच्या काचेखालच्या फटीतून बाहेरची हवा आत येते, तिथून ही पानं येत होती. आमच्या गाडीत एसीच्या फिल्टरला खाच होती, पण फिल्टर बसवलेलाच नव्हता. पानांचा एक थर वेटोळ्यांवर चिकटून भाजला होता. राहिलेली पानं पिंजऱ्यात अडकून घासत होती, आणि मोटरचा बुश वाळून आस धरून ठेवत होता.

त्यांनी एक जुना काटेवाला अँपियर मीटर काढला, बाहेरच्या बॅटरीवर मोटर लावली. काटा १८ वर गेला आणि तिथंच थरथरत राहिला. ‘‘पाहा,’’ म्हणाले. मग त्यांनी पिंजरा ब्रशनं धुतला, मोटर खोलली, कार्बन काढून पुसले, बुश साफ करून तेलाचे थेंब सोडले, आस बोटानं फिरवून पाहिला, पुन्हा पुसला, पुन्हा फिरवला. मी घड्याळ पाहत होते, ते पाहत नव्हते. परत जोडून लावलं तेव्हा काटा १२ वर येऊन शांत उभा राहिला.

करंट दोन तृतीयांश झाला. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती चार नवमांशावर, निम्म्याहून खाली आली. हा हिशेब मी मनात केला आणि मोठ्यानं म्हटला. ते हसले. ‘‘तुमी आकड्यानं सांगतलं. मी हातानं पाह्यतो,’’ आणि त्यांनी माझा हात मोटरच्या अंगावर ठेवला. कोमट होती.

नवा रेझिस्टर आणायला पोरगा मोटरसायकलवर बुटीबोरीला गेला होता, तो आला. जळालेलं सॉकेट त्यांनी मागच्या चांगल्या तारेपर्यंत कापून टाकलं, नवं लावलं, प्रत्येक पिन ओढून पाहिली. ‘‘ढिली पिन म्हंजे चूल,’’ एवढंच म्हणाले. शेवटी बॉनेट उघडून काचेखालच्या फटीवर बारीक स्टीलची जाळी कात्रीनं कापून बसवली, चार कोपऱ्यांना तारेचे टाके घातले.

मग जे केलं ते कुठल्याही बिलात नसतं. आईची चप्पल बाहेर होती तिच्याशेजारी आपली चप्पल काढली आणि मागच्या सीटवर, आई बसते त्या जागी जाऊन बसले. ‘‘माय कोनत्या नंबरवर असते?’’ मी म्हटलं, एक. ‘‘लावा.’’ गाडी चालू केली, एक लावला. ते मान टेकून, डोळे मिटून बसले. मग म्हणाले, मधल्या जाळ्या वर करा. अजून वर. छतावर मारू द्या, वारा छतावरून खाली उतरन. मी करत गेले. दोन-तीन मिनिटं तसेच बसून राहिले आणि म्हणाले, ‘‘आता निजन.’’

आई निजली. जाम आलं, गेलं, तिला जाग आली नाही. हिंगणघाटात शिरताना मी वणा नदीच्या पुलावर गाडी हळू केली, कारण सांध्यांवर धक्का बसतो. मागं पाहिलं तर तिचा हात पदराबाहेर मोकळा पडला होता.

पैसे त्यांनी चोख घेतले. पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहून दिलं: रेझिस्टर सव्वाचारशे, सॉकेट, तेल, मजुरी. त्यातलं काही सोडलं नाही आणि मीही सोडायला लावलं नाही. कामाचे पैसे फिटतात, म्हणून त्याबद्दल लिहायची मला गरजही पडली नसती.

जुलैत शाळा उघडल्यावर तो जळका रेझिस्टर आणि वितळलेलं सॉकेट मी दहावीच्या वर्गात नेलं. विद्युतधारेच्या परिणामांचा धडा होता. मुलांनी ते हातोहात फिरवलं. एका मुलीनं विचारलं, ‘‘मॅडम, हे बाहेर गार जागी का नाही बसवत? पंख्याच्या तोंडाशीच का?’’ मी उत्तर दिलं नाही, वर्गालाच विचारलं. दहा मिनिटांत त्यांनी काढलं. तेव्हापासून तो तुकडा प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, आणि त्याच्या चिठ्ठीवर मी ‘बुटीबोरीचे मिस्त्री यांच्याकडून’ असं लिहिलं आहे. शाळेला मिळालेल्या इतर वस्तूंवर देणगीदारांची नावं असतात, तशीच.

पुढचं दीड वर्ष परतीच्या वाटेवर आम्ही त्या शेडपाशी थांबायचो. कधी दहा मिनिटं, कधी नुसता हात करून पुढे. आईला ती खाट आवडायची. ती मिस्त्रींना त्यांच्या नातवाबद्दल विचारायची, ते तिला ‘‘माय, आज किती किलो काढलं?’’ असं विचारायचे. मशीननं किती पाणी काढलं हे किलोत मोजतात, हे ते तिच्याकडूनच शिकले होते. आकडा जास्त असला की रागवायचे. दर दोन-तीन महिन्यांनी समोरचा कप्पा काढून सॉकेटवर बॅटरीचा उजेड पाडायचे, आणि मला बोलावून दाखवायचे. ‘‘पाहा. पांढराच हाये.’’

आणि आमची गाडी हायवेवरून खाली उतरताना दिसली, की पोरांपैकी कुणीतरी उठून माठ टायरांमागे न्यायचा. कुणी सांगावं लागत नसे. नवीन पोरगा कामाला लागला तर जुने त्याला शिकवायचे. एकदा तर एक ट्रकवाला पाणी पीत होता, त्याच्या हातातला ग्लास तसाच ठेवून माठ उचलला गेला. तो बिचारा बघतच राहिला. आईला हे सगळं ठाऊक होतं. एकदा गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, ‘‘माठ ठेवल्याचा ओला गोल दिसतो गं जमिनीवर. पण त्यांना सांगू नकोस.’’

आई दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर गेली. नागपूरला जाण्याचं कारण उरलं नाही. मला त्या रस्त्यावर जाववतही नव्हतं. फाल्गुनात एका कामासाठी जावंच लागलं. जाताना शेडकडे पाहिलं नाही. येताना मात्र गाडी आपसूक खाली उतरली.

नवीन पोरगा होता, चौदा-पंधराचा. त्यानं गाडी पाहिली, हातातला पान्हा खाली ठेवला आणि माठाकडे धावला. दोन्ही हातांनी कवेत घेऊन तो टायरांकडे वळला तेव्हा मिस्त्री ट्रकखालून बाहेर येत होते. त्यांनी आधी मला पाहिलं, मग मागच्या सीटकडे.

‘‘राहू दे रे,’’ ते म्हणाले. ‘‘ठेव तिथंच.’’

पोरानं माठ परत त्याच्या ओल्या गोलावर ठेवला. मिस्त्रींनी हात पुसले, झाकण काढलं, ग्लास विसळला, भरला आणि माझ्याकडे घेऊन आले.